फडातून भरलेला ट्रक काढताना

उसाच्या फडात भरलेला ट्रक रुतला की काहीजण चाकातली हवा कमी करायला सांगतात. वाळूत जीपला ते ठीक. उसाने भरलेल्या ट्रकला नको. मागची जोडचाकं दबली की एकमेकांना घासून तापतात आणि टायर जातो.

खरं काम गाडी भरण्याआधीचं. काळं रान वरून भेगाळलेलं दिसतं, पण पाटाच्या कडेला वीतभर खाली चिखल असतो. क्लीनरने पुढे चालत पहार रोवून बघावी. सहज आत गेली, तर तिकडून गाडी घालूच नये, मालक कितीही घाई करो.

रुतलीच तर रेस करू नका. फिरून फिरून चाक खोल जातं, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) मातीला टेकतं, मग ट्रॅक्टरलाही ऐकत नाही. चाकापुढे उकरून सुकं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, दाबून भरा (हिरवं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, घसरतं) आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडा. डिफ-लॉक (मागची दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर थांबूनच लावा, वळायच्या आधी काढा.

बांध तिरका चढवू नका. उंच भरलेली गाडी कलंडायला तेवढं पुरतं. आणि ओढताना वायररोपच्या आसपास माणूस नको. तो तुटला की उलटा फटका बसतो. फडातली पोरं हमखास बघायला तिथेच उभी राहतात, आधी त्यांना हाकला.