रडार डिटेक्टर घ्यावा का? दोन दंड झाल्यावर विचारतोय

रात्रीचा_प्रवासी

मंडळी, कामामुळे मला आठवड्यातून दोनदा साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवावी लागते. एकट्यानं, आणि बहुतेक रात्रीच. गेल्या चार महिन्यांत वेगासाठी दोनदा दंड भरला. दोन्ही जागा एकाच धाटणीच्या: ८० ची मर्यादा संपून ६० ची सुरू होते तो उताराचा तुकडा, आणि मी आधीच्याच वेगात. तिसऱ्यांदा सापडलो तर गोष्ट लायसन्सवर येईल. एक सहकारी म्हणतो, काचेला रडार डिटेक्टर लाव, पोलिसांचं वेग मोजणारं रडार पुढे असलं की किलोमीटरभर आधी वाजतो. खरंच वाजतो का? स्वतः वापरलाय त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

सरळ_रस्ता

सहा वर्षं वापरतोय. मोकळ्या रस्त्यावर समोर रडार सतत चालू ठेवलं असेल तर हो, किलोमीटरभर आधी वाजतो. दोनदा तरी त्यानं मला वाचवलंय. वस्तीत शिरलो की बंद करतो, कारण तिथे तो उगाच वाजत राहतो. माझं मत: घ्या. फक्त आधी कायदा बघा. फ्रान्समध्ये बंदी आहे, अमेरिकेत व्हर्जिनियातही आहे.

सूक्ष्मलहरी

मी वीस वर्षं मायक्रोवेव्ह यंत्रणांच्या दुरुस्तीत घालवली आणि चार वर्षं डिटेक्टर काचेला लावून फिरलो. आता काढून ठेवलाय. का काढला ते सांगतो, पण आधी तो चालतो कसा ते सांगायला हवं, कारण ‘एक किलोमीटर’ हा आकडा अर्धाच खरा आहे.

पोलिसांची वेग मोजणारी रडार गन लहर सोडते, ती गाडीवर आपटून परत येते आणि तिची वारंवारता किंचित बदललेली असते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनसमोर तुम्ही १०० च्या वेगानं येत असाल तर फरक पडतो सुमारे साडेचार हजार हर्ट्झचा. त्यावरून वेग निघतो. डिटेक्टर यातलं काहीच मोजत नाही. तो फक्त वारंवारतेच्या त्या पट्ट्यातली लहर हवेत आहे का, एवढंच ऐकतो. गनला लहर जाऊन परत यावी लागते, डिटेक्टरला ती एकदा पोचली की पुरते. म्हणून गनला तुमचा वेग कळण्याआधी त्याला गनचा सुगावा लागतो. सरळ_रस्ता यांचा अनुभव त्यामुळे खरा आहे, मी तो नाकारत नाही.

पण गन सतत चालू असेल तरच हे जमतं. सराईत माणूस ती तयार ठेवतो आणि तुमची गाडी टप्प्यात आली की ट्रिगर दाबतो. त्या क्षणापर्यंत हवेत लहरच नसते. तुमच्या पुढे कुणी मोजला गेला असेल तर तिकडून विखुरलेली लहर तुमच्यापर्यंत येते आणि तुम्ही सावध होता. रात्री रिकाम्या रस्त्यावर पुढचा माणूस म्हणजे तुम्हीच.

लेझर गनपुढे तर डिटेक्टरचा काहीच उपयोग नाही. ९०४ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश, आणि ३०० मीटरवरही त्याचा झोत जेमतेम मीटरभर रुंद. नेम नंबरप्लेटवर किंवा हेडलाइटवर धरतात, मोजणी अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. काचेवरच्या डिटेक्टरला काही दिसलंच तर त्याचा अर्थ तुमचा वेग नोंदवून झालाय. सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आणखी निराळे: दोन ठिकाणी नंबरप्लेट वाचायची आणि मधल्या अंतराला वेळेनं भागायचं. ६ किलोमीटरला ९० च्या वेगानं ४ मिनिटं लागायला हवीत, तुम्ही ३ मिनिटांत आलात तर वेग १२० होता. तिथे ऐकायला लहरच नाही.

आता खोट्या इशाऱ्यांबद्दल. आपोआप उघडणाऱ्या दारांचे सेन्सर याच पट्ट्यात काम करतात. बऱ्याच गाड्यांचं ब्लाइंड स्पॉट दाखवणारं रडारही २४ गिगाहर्ट्झच्याच आसपास असतं, त्यामुळे शेजारून गाडी गेली तरी यंत्र ओरडतं. मी एक महिना वहीत नोंद ठेवली. पानं भरली, आणि त्यात खऱ्या रडारच्या नोंदी सहा. त्यातल्या दोन वेळा मी मर्यादेतच होतो. मग काय होतं, तर तुम्ही त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकता.

आणि तो वाजत नसला की काय होतं, त्यापायी मी यंत्र काढलं. पहाटेचे तीन, डिटेक्टर शांत, मी १२० वर. वळण संपलं आणि समोर बंद पडलेला ट्रक, मागचे दिवे विझलेले. बाजूच्या मातीत गाडी घातली म्हणून आज लिहितोय. तासभर तिथेच बसून होतो. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती: ही शांतता मी ‘रस्ता मोकळा आहे’ अशी वाचत होतो. यंत्र फक्त ‘या पट्ट्यात लहर नाही’ एवढंच सांगत होतं. हा घोळ माझ्या मनात केव्हा झाला ते मला कळलंही नव्हतं.

घरी येऊन हिशेब मांडला. कोरडा रस्ता, एक सेकंद प्रतिक्रियेला, मग जोरात ब्रेक. १०० वरून गाडी साधारण ८३ मीटरमध्ये थांबते. १२० वाल्याची गाडी त्याच जागी अजून ७० च्या वर असते. वेग २० नंच जास्त, पण एक उभा राहतो आणि दुसरा ७० नं आदळतो. कागदावर हे दिसल्यावर मी ते यंत्र पुन्हा लावू शकलो नाही.

सरळ_रस्ता

हे वाचून थांबलो. माझी बाजू तरीही मांडतो: मी डिटेक्टर वेग वाढवायला वापरत नाही, चुकून वाढला तर कळावं म्हणून वापरतो.

सूक्ष्मलहरी

मीही पहिल्या वर्षी अगदी हेच म्हणत होतो आणि मनापासून म्हणत होतो. आणि चुकून वाढलेला वेग तर स्पीडोमीटर सतत दाखवतोच की, तिथे रडार असो वा नसो.

रात्रीचा_प्रवासी, तुमचा प्रश्न मुळात रडारचा वाटतच नाही. ८० चं ६० झालेलं तुम्हाला दिसत नाही आणि उतार गाडीला पुढे ढकलतो. त्याला डिटेक्टर काय करणार? मर्यादा बदलली की बोलणारं नेव्हिगेशन लावा, आणि गाडीत लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारी सोय, असेल तर तो वापरा.

रात्रीचा_प्रवासी

दोन्ही जागा नकाशावर पुन्हा पाहिल्या. एका ठिकाणी ६० ची पाटी वळणाच्या अगदी तोंडाशी आहे, रात्री ती झाडाआड जाते. दुसऱ्या ठिकाणी निमित्त नाही, मी थकलेला होतो. डिटेक्टर घेत नाही. स्टेअरिंगवर लिमिटरचं बटण निघालं, तीन वर्षांत कधी दाबलं नव्हतं. एकच भीती आहे: ओव्हरटेक करताना गाडी अडकली तर?

सूक्ष्मलहरी

बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की लिमिटर सोडून देतो. दिवसा, रिकाम्या रस्त्यावर एकदा करून बघा, म्हणजे पायाला ते ठाऊक होईल. उताराचं मात्र ध्यानात ठेवा: अनेक लिमिटर फक्त इंजिनची ताकद रोखतात, ब्रेक लावत नाहीत. तुमच्या त्या दोन्ही जागा उताराच्याच आहेत, तेव्हा तिथे एक गिअर खाली घ्या. आणि थकला असाल त्या रात्री निघू नका हो, सकाळी निघा.