रविवर्मांचं ‘ओरिजिनल’, वर्णनावर विश्वास ठेवू का?

प्रश्न: ऑनलाइन ऑक्शनमध्ये रविवर्मांची लक्ष्मी आलीये, वर्णनात फक्त ‘ओरिजिनल, जुनी फ्रेम, साडीवर जरीकाम’, पेंटिंग की प्रिंट काहीच लिहिलं नाही, फोटोत कॅनव्हाससारखं टेक्स्चर दिसतंय. बोली लावू का?

उत्तर १: थांबा जरा! बहुतेक ओलिओग्राफ, म्हणजे तेलचित्राची छापील रंगीत प्रत असणार. १८९४ ला मुंबईत रविवर्मांचा प्रेस निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली चित्रं घरोघरी पोचली, तेलचित्रासारखं दिसावं म्हणून वरून वार्निश आणि टेक्स्चर द्यायचे. भिंगातून ठिपके दिसले की छापीलच समजा. पेंटिंग की प्रिंट हे न लिहिणं मला तरी चुकीचंच वाटतं.

उत्तर २: जरी-टिकल्या लोक हौसेनं नंतर चिकटवायचे. खालच्या कडेला प्रेसचं नाव आहे की ती कड कापलीये ते विचारा, फ्रेम काढून मागच्या बाजूचे फोटो आणि कंडिशन रिपोर्ट (चित्राची अवस्था कशी आहे ते) लेखी घ्या, टाळाटाळ केली तर सोडून द्या.