मनकवडा स्टेज मॅनेजर पाहिजे?

विंगेतली
"चांगल्या स्टेज मॅनेजरला सांगावं लागत नाही, दिग्दर्शकाच्या मनातलं त्याला आपोआप कळतं. बाकीचे नुसते कारकून." एका दिग्दर्शक महाशयांची ही कालची पोस्ट. खाली बदामांचा पाऊस. मी रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली, आणि आता राहवत नाही.

अकरा वर्षं बॅकस्टेज करतेय. एका टेकला, म्हणजे प्रकाश-ध्वनीसकट होणाऱ्या तांत्रिक तालमीला, आमचे दिग्दर्शक अंधारातून ओरडले, "इथे जरा हवा येऊ दे!" प्रकाशवाल्याने बॅकलाइट चढवला, ध्वनीवाल्याने संगीत उतरवलं, आणि नटी चक्क एक्झिट घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिघांनीही मनातलंच ओळखलं होतं. दिग्दर्शकांना हवा होता विराम.

हे हसण्यावारी गेलं. दुसरं गेलं नाही. तालीम संपल्यावर निघता निघता त्याच गृहस्थांनी एका नटाला सांगितलं, "उद्या डावीकडून ये." नटाला सांगितलं, मला नाही. दुसऱ्या दिवशी ब्लॅकआउटमध्ये डावीकडून पलंग आत येत होता. नट पलंगावर, गुडघा फुटलेला. अहवालात मी एवढंच लिहिलं की एंट्री बदलल्याची सूचना बॅकस्टेजला नव्हती. तर म्हणे, "तू चुगली केलीस."

अर्धवट_संहिता
मी दिग्दर्शन करतो. कारकून शब्द वाईट, मान्य. गुडघ्याचंही मान्य. पण दुसरी बाजू कुणी लिहायचीच नाही का? तालमीत मला काय हवंय ते मलाच माहीत नसतं, तालीम त्यासाठीच असते. आमची स्टेज मॅनेजर तिसऱ्या दिवसापासून वही उघडून विचारायची, "सर, हे फायनल का?" नट खुर्चीवरून उठला, फायनल का? पुन्हा बसला, फायनल का? शेवटी नट उठायचाच बंद झाला. तुम्हाला नाटक हवंय की यादी?

विंगेतली
फायनल विचारणं चूक, ते मीही नवख्या मुलांना सांगते. म्हणून तर ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या हालचाली, पेन्सिलने लिहितात. पण माहीत नसणं वेगळं आणि माहीत झाल्यावर न सांगणं वेगळं. तुम्ही पहिल्याचं कारण देऊन दुसरं खपवताय.

साडेसतरा
लाइट ऑपरेटरकडून +१. पेपर टेकला या म्हटलं तर हे दिग्दर्शक लोक येत नाहीत. शांतपणे बसून संहितेत क्यू, म्हणजे प्रकाश-ध्वनी नेमका कधी बदलायचा त्याच्या नंबर घातलेल्या खुणा, मारून घ्यायचे, त्याला म्हणे वेळ नाही. मग ऐन टेकला १७ आणि १८ च्या मध्ये १७.५ घुसतो, मग १७.३, मग १७.३५. आणि क्यू कशावर? "तो वळला की." अहो, तो चारदा वळतो! क्यू शब्दावर द्या, विषय संपेल.

विरामचिन्ह
संपेल कसा? क्यू शब्दावर बांधला की नट खुंटाला बांधला. माझं वळणं रोज त्याच अक्षरावर होत नाही, व्हायलाही नको. प्रकाशाने नटामागे यावं, नटाने प्रकाशामागे धावू नये.

साडेसतरा
रोज वेगळं वळायचं असेल तर टॉर्च घेऊन वळा.

विरामचिन्ह
आणि मी ते वाक्यच विसरलो तर? तुम्ही शब्दाची वाट बघत बसणार, मी अंधारात म्हातारा होणार!

साडेसतरा
वाक्य विसरता हे जाहीर कबूल केल्याबद्दल आभार.

विंगेतली
दोघं थांबा. ऑपरेटरने शब्दही ऐकायचा नाही, वळणंही बघायचं नाही. माझा 'स्टँडबाय' ऐकायचा, मग 'गो'. नट कसा वळतो, काय विसरतो, ते बघायला मी आहे.

साडेसतरा
ताई, 'गो' वरूनच सांगतो. दिग्दर्शकांना हौसेने हेडसेट दिला होता. स्टँडबाय सतरा झालं आणि हे कानात म्हणाले, "अजून गो नाही हं." मला त्यातला 'गो' तेवढा ऐकू आला. बोट दाबलं. मेलेला माणूस नीट पडायच्या आत उजेड! तो बिचारा अर्धा वाकलेला, प्रेक्षक हसतायत. सहा महिने बोलले नाहीत, बोलले ते नेमकं तिथे.

अर्धवट_संहिता
(हेडसेट मीही मागून घेतो. यापुढे नको.)

जुनं_खोड
आमच्याकडे क्यू लाइट होते. लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे गो. दिव्याला 'अजून नाही हं' म्हणता येत नाही. आणि दिग्दर्शक हा स्वतंत्र प्राणी रंगभूमीवर तसा उशिराच आला. एकोणिसाव्या शतकात इंग्लिश नाटक कंपन्यांत तालमी बहुधा स्टेज मॅनेजरच घ्यायचा. जर्मनीतल्या साक्स-मायनिंगेनच्या ड्यूकची मंडळी १८७४ ते १८९० दौरे करत फिरली, तिथून पुढे दिग्दर्शकाचं प्रस्थ वाढत गेलं. तेव्हा कारकून कुणाला म्हणायचं ते जरा जपून.

विरामचिन्ह
आजोबा, माहिती छान, पण माझा क्यू अजून टांगलेलाच आहे.

अर्धवट_संहिता
ड्यूकपर्यंत गेलात, आता माघार घेतो. तालीम संपल्यावर दहा मिनिटं वहीसमोर बसेन, काय बदललं ते सांगेन. नटाला परस्पर काही सांगणार नाही. निदान प्रयत्न करेन. अट एकच, 'फायनल का' ऐकायचं नाही.

विंगेतली
नाही विचारणार. पण दहा मिनिटांत 'हवा', 'पोत' आणि 'स्पंदन' हे शब्द चालणार नाहीत.

अर्धवट_संहिता
मग मी बोलू काय?

साडेसतरा
ते नंतर ठरवा. १७.३५ ठेवायचा की उडवायचा, तेवढं आधी सांगा.