एमएक्स-5 चे सस्पेन्शन 30 मिलिमीटर खाली घ्यावे का? खर्च आणि तोटे

घाटवळण, स्टुटगार्ट

नमस्कार. गेल्या वर्षी मी माझदा एमएक्स-5 ही दोन आसनी गाडी सेकंडहँड घेतली. ती 2016 सालची, चौथ्या पिढीची, दोन लिटर इंजिनाची आहे आणि आतापर्यंत 88 हजार किलोमीटर चालली आहे. रोज कार्यालयात जाण्यासाठी आणि सुटीच्या दिवशी श्वेबिश आल्बच्या डोंगरातील रस्त्यांवर फिरण्यासाठी मी ती वापरतो. गाडीवर माझा फार जीव आहे, पण दोन गोष्टी खटकतात. वळणावर ती बरीच कलते, आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटे सहज मावतील एवढी जागा दिसते.

एका गॅरेजने गाडी 30 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मजुरीसह 520 युरोंत देऊ केल्या आहेत आणि मूळ शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवता येतील असे सांगितले आहे. मला विचारायचे आहे ते असे की, खर्च खरोखर एवढ्यावरच थांबतो का, आणि गाडी नुसती दिसायला नव्हे, तर चालवायलाही सुधारते का? आमच्या तळघरातील पार्किंगचा उतार तीव्र आहे आणि पत्नीला कंबरदुखीचा त्रास आहे, त्यामुळे निर्णय केवळ माझ्या हौसेवर घेता येणार नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

धुरा, पुणे

मी सस्पेन्शनच्या चाचण्यांचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून गॅरेजवाला जे सांगत नाही तेच आधी सांगतो. गाडी खाली घेतल्याने गुरुत्वमध्य खाली येतो हे खरे आहे, पण त्याचा लाभ किती ते पाहा. समजा, गुरुत्वमध्य जमिनीपासून 450 मिलिमीटरवर आहे. तो 420 वर आला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा नाकारण्यासारखा नाही, परंतु चांगल्या आणि सामान्य टायरमधील फरक याहून मोठा असतो.

आता याची किंमत पाहू. गाडी उभी असताना चाकाला बंप स्टॉपला, म्हणजे शॉकच्या दांड्यावरील रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर जाण्यासाठी समजा 70 मिलिमीटर जागा आहे. तुम्ही 30 काढून घेतले की 40 उरतात. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तोच खड्डा 40 मिलिमीटरमध्ये पचवायचा असेल, तर स्प्रिंग सुमारे तिप्पट कडक हवी. एवढी कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कोणी बसवत नाही. बाजारातील स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांपेक्षा थोड्याच कडक असतात, आणि मग उरलेले काम तो रबरी ठोकळा करतो. वळणाच्या मध्यावर, बाहेरचे पुढचे चाक आधीच दबलेले असताना खाली एखादा उंचवटा आला की चाक ठोकळ्यावर आदळते, त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात अनेक पटींनी वाढतो आणि टायरची पकड सुटते. पुढे असे झाले तर गाडी वळणाबाहेर सरकते; मागे झाले, आणि रस्ता ओला असला, तर शेपूट अचानक फिरते. गाडी कलत नाही म्हणून ज्याला आत्मविश्वास वाटू लागतो, त्याचीच त्या क्षणी फसगत होते.

एमएक्स-5 ला पुढे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर-खाली दोन आर्मांनी (सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांनी) धरणारी रचना, आणि मागे मल्टिलिंक, म्हणजे अनेक आर्मांची रचना आहे, ही तुमच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे खाली एकच आर्म आणि वर शॉकचाच आधार, असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ टोयोटा जीटी86 मध्ये, फार खाली घेतल्यास खालचा आर्म चाकाकडे चढता होतो, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जाते, आणि गाडीला कलवणारी तरफ उलट लांब होते. म्हणजे गाडी कलू नये म्हणून खाली घ्यायची आणि कलण्याचे कारणच वाढवून ठेवायचे, असा प्रकार होतो.

एक सोपी परीक्षा करा. पुढच्या शॉकच्या दांड्यावरचे धूळरोधक रबर वर सरकवून, दांड्याच्या तळाशी, शॉकच्या नळीला टेकलेली अशी एक बारीक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधा. नेहमीच्या रस्त्यांवर आठवडाभर गाडी चालवा. शॉक जितका दबेल तितकी ती वर ढकलली जाईल आणि तिथेच राहील. तिच्यापासून बंप स्टॉपपर्यंत उरलेले अंतर ही तुमच्या हातातली खरी शिल्लक. मात्र शॉक चाकाइतका हलत नाही, हे लक्षात ठेवा. गाडी 30 मिलिमीटर खाली आली की दांड्यावरचे समजा 20 मिलिमीटर जातात.

दोनआसनी, बर्मिंगहॅम

माझी गाडी तुमच्या गाडीच्या दोन पिढ्या आधीची, 2001 सालची एमएक्स-5. मी हे केले आहे आणि दोन वर्षांनी उलटही केले आहे, म्हणून आकड्यांसह लिहितो.

स्प्रिंगा 190 पौंडांना मिळाल्या. एका गॅरेजने त्या बसवल्या आणि गाडी तशीच हातात दिली. खाली आलेल्या गाडीची चाके वरच्या बाजूने आत झुकतात, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, आणि त्याबरोबर टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, हाही बदलतो. म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या या कोनांची जुळणी, पुन्हा करावीच लागते. ती करायला गेलो तेव्हा कळले की आर्मचे लांब बोल्ट बुशच्या, म्हणजे सांध्यातील रबरी अस्तराच्या, आतल्या पोलादी नळीत गंजून एकजीव झाले आहेत. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि या जुन्या गाड्यांची ही ओळखीचीच दुखणी आहेत. कारागिराने प्रथम तेल मारले, मग बोल्ट तापवला, आणि शेवटी करवतीने कापला. रँपखाली उभा राहून मी ते पाहत होतो. असे आठ बोल्ट, नवे बुश आणि मजुरी मिळून 640 पौंड गेले. तोवर मागच्या टायरच्या आतल्या कडेची रबराची नक्षी सात हजार किलोमीटरांत पूर्ण झिजली होती, आणि बाहेरून पाहिले तर ते टायर नवे दिसत होते. कृपया आतली कड हाताने चाचपून पाहण्याची सवय ठेवा.

दुसरी चूक अशी झाली की, गॅरेजने गाडी रँपवर, चाके लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट आवळले होते. बुशचे रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. ते लोंबत्या स्थितीत आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेले राहते, गाडी नीट बसत नाही, चाल विनाकारण कडक लागते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट ढिले ठेवून, गाडीचे वजन चाकांवर घेऊनच शेवटचा आवळा द्यायचा असतो. गॅरेज ठरवण्यापूर्वी हा एक प्रश्न जरूर विचारा.

सिंहगडपायथा, पुणे

प्रश्न जर्मनीतील असला तरी इथल्या वाचकांसाठी विचारतो. माझ्या भावाकडे दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे आणि तो 25 मिलिमीटर खाली घेण्याच्या विचारात आहे. आपल्या गतिरोधकांवर ती निघेल का?

धुरा, पुणे

हिशेब मांडून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-99 या मानकातील गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असतो. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर 2.47 मीटर असलेली गाडी त्यावर मधोमध उभी राहिली, तर चारही चाके त्याच कमानीवर असतात आणि पोटाखालची केवळ 45 मिलिमीटर जागा जाते. म्हणजे 110 मिलिमीटर क्लिअरन्स उरलेली गाडीसुद्धा सावकाश निघून जाईल. अडचण आहे ती सोसायटीच्या दारात डांबराचा ढीग ओतून केलेल्या अरुंद उंचवट्यांची. तो अर्धा मीटर रुंद असला की दोन्ही चाकांच्या मध्ये मावतो, आणि मग त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखालून जाते. रोजच्या रस्त्यावर असे किती आहेत, ते भावाने पट्टी घेऊन मोजावे.

शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल त्यानुसार चालत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल याचाही विचार त्याने आधीच करावा.

इसारकाठ, म्युनिक

घाटवळण, तुमच्या 520 युरोंमध्ये काय धरलेले नाही ते मी सांगतो, कारण मी याच वाटेने गेलो आहे. जर्मनीच्या वाहन परवाना नियमावलीच्या 19 व्या कलमानुसार स्प्रिंगांसोबत टाइलगुटआख्टेन, म्हणजे त्या भागाचा तपासणी अहवाल, आला असेल, तर त्या बसवल्यावर लगेच ट्यूफ किंवा डेक्रासारख्या संस्थेकडून बदलाची तपासणी करून घ्यावी लागते. ती न केल्यास गाडीची रस्त्यावर चालवण्याची मान्यताच संपते. अहवालात कोणत्या मापाची चाके आणि टायर गृहीत धरले आहेत ते शब्दशः वाचा; तुमची चाके मूळची नसतील, तर दोन्ही बदलांची एकत्र तपासणी होते आणि शुल्क वाढते. मला तपासणीचे 110 आणि अलाइनमेंटचे 140 युरो पडले. हेडलाइटही नव्याने जुळवावे लागतात, कारण गाडीचा पुढचा आणि मागचा भाग अगदी सारखाच खाली येत नाही.

शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवण्याचा सल्ला मला पटत नाही. 88 हजार किलोमीटर चाललेले शॉक मूळ स्प्रिंगलाही जेमतेम आवरत असतील. अधिक कडक स्प्रिंग उसळली की तिला दाबून धरण्याचे बळ त्यांच्यात उरलेले नसते. खाली घेतलेल्या गाडीसाठी बिलस्टाइन बी8 सारखे आखूड शॉक मिळतात. ते, नवे बंप स्टॉप आणि वरचे माउंट धरून मला 780 युरो लागले. म्हणजे तुमची 520 ची गोष्ट प्रत्यक्षात दीड हजाराच्या आसपास जाते, आणि तेवढ्यात उंची कमी-जास्त करता येणारा साधा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला) संच येऊ शकतो. मी स्वतः 15 मिलिमीटरवर थांबलो. दिसायला फरक फार नाही, हे मान्य करतो. पण माझ्या पत्नीने एकदाही तक्रार केलेली नाही, आणि तिला घेऊनच मला डोंगरात जायचे असते.

घाटवळण, स्टुटगार्ट

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभार. धुरा, एक विचारायचे आहे: माझी मुख्य तक्रार कलण्याची आहे, तर उंची न बदलता केवळ जाड अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणे रोखणारी दांडी, बसवला तर काय होईल?

धुरा, पुणे

तो मार्ग मी तुमच्या बाबतीत अधिक योग्य मानतो. हा बार दोन चाके एकाच वेळी वर गेली, तर आड येत नाही, त्यामुळे रस्त्याच्या आडव्या सांध्यावर गाडी पूर्वीइतकीच मऊ राहते. एकच चाक खड्ड्यात गेले, तर मात्र तो धक्का दुसऱ्या बाजूला पोहोचतो आणि गाडी थोडी डोलते. केवळ मागचा बार जाड केला, तर मागची पकड घटते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत ते पावसात धोक्याचे आहे, म्हणून बदलायचाच झाला तर पुढचा बदला. परंतु त्याआधी शॉकची तपासणी करा, मूळ उंचीवर अलाइनमेंट करून घ्या, आणि ती केबल टाय विसरू नका.

घाटवळण, स्टुटगार्ट

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी घेतली, तेव्हा मागच्या उजव्या चाकाचा टो बाहेरच्या दिशेला निघाला. तो दोन्ही मागच्या चाकांना किंचित आत हवा होता. वळणात शिरताना मागचा भाग क्षणभर वेगळाच चालतो असे मला वाटायचे आणि मी त्याला कलणे समजत होतो, त्यातले बरेचसे हेच होते. मागचा एक शॉक तेल गाळत होता, म्हणून दोन्ही मागचे शॉक मूळ प्रकारचे नवे घातले. अलाइनमेंट धरून एकूण 470 युरो झाले.

केबल टाय पुढच्या डाव्या शॉकवर बांधली होती. आल्बच्या दोन फेऱ्यांनंतर मी गुडघ्यांवर बसून, बॅटरीच्या उजेडात पट्टी लावून पाहिले. मूळ उंचीवरसुद्धा ती बंप स्टॉपपासून 14 मिलिमीटरवर येऊन थांबली होती. गॅरेजला स्प्रिंगा नकोत असे आजच कळवले आहे. पुढच्या अँटी-रोल बारचा निर्णय हिवाळी टायर उतरल्यावर घेईन.