लिपिड आणि पेशीपटलांचं जीवरसायनशास्त्र शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (ठाणे-नवी मुंबई)

घणसोली_लोकल

नमस्कार मंडळी,
मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी. राहते ठाण्यात, नोकरी महापेला एका औषध कंपनीत. आजवर गोळ्यांचं अ‍ॅनालिसिस करत होते, आता लायपोसोमच्या (औषध भरलेल्या, लिपिडच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांच्या) टीममध्ये घेतलंय. फॉस्फोलिपिडचे (पेशीपटलातल्या मुख्य लिपिडचे) पीक एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, काढता येतात. पण एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) ‘६५ अंशांना हायड्रेट करा’, म्हणजे लिपिडमध्ये पाणी मिसळा, असं लिहिलंय ते का, कोलेस्टेरॉल मुद्दाम का घालायचं, याचं कारण कुठेच लिहिलेलं नसतं. बायोलॉजी बारावीला सुटली ती सुटलीच. मला पाठांतर नको, समजून घ्यायचंय.

पुस्तक, ऑनलाइन कोर्स, किंवा ठाणे ते वाशी पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी शिकवणारं कुणी असेल तर सुचवा. ट्रान्स-हार्बरवर येता-जाता वाचन होईल. आगाऊ आभार.

नौपाड्याचे_मास्तर

ताई, लेहनिंजरचं जीवरसायनशास्त्राचं पुस्तक घ्या. दहावं प्रकरण लिपिडचं, अकरावं पटलांचं. आधी अकरावं वाचा. दहाव्यात नावं आणि रचना एकामागून एक येतात. मी आयुष्यभर हा विषय शिकवला. मुलं तिथेच दमायची आणि पटलापर्यंत पोचायचीच नाहीत.

वाचताना एक गोष्ट पक्की धरा: इथे खरा कर्ता पाणी आहे. फॉस्फोलिपिडच्या शेपट्यांना (पाणी टाळणाऱ्या लांब कार्बन-साखळ्यांना) एकमेकींची ओढ असते म्हणून त्या जवळ येतात, असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात शेपटीभोवती अडकलेल्या पाण्याच्या रेणूंना हवं तसं वळता येत नाही. शेपट्या एकत्र आल्या की ते रेणू सुटतात, एन्ट्रॉपी (विस्कळीतपणा) वाढते. एक शेपटी असलेल्या रेणूचे, म्हणजे साबणाचे, मायसेल (भरीव सूक्ष्म गोळे) होतात. दोन शेपट्यांचा रेणू गोळ्यात मावत नाही, त्याचा दुहेरी थर होतो. त्या थराची उघडी कडाही पाण्याला चालत नाही, म्हणून तो मिटून पोकळ गोळा होतो. तोच तुमचा लायपोसोम.

हा दुहेरी थर शोधला कसा तेही वाचा, फार सुंदर आहे. १९२५ साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतले लिपिड अ‍ॅसिटोनने काढले, पाण्यावर एकेरी थरात पसरले आणि क्षेत्रफळ मोजलं. पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. अ‍ॅसिटोनने सगळे लिपिड निघाले नव्हते, आणि वाळलेल्या पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि निष्कर्ष बरोबर आला! तुम्ही अ‍ॅनालिटिकलच्या, तुम्हाला हे जास्त भावेल.

आता ६५ अंशांचं. स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंशांना वितळतं, ओलिइक १३ च्या आसपास. दोन्हींत कार्बन अठराच. ओलिइकमध्ये एक सिस दुहेरी बंध, त्यामुळे शेपटीला बाक येतो आणि रेणू दाटीने बसत नाहीत. पटलातही तेच. डीपीपीसी या फॉस्फोलिपिडचा थर ४१ अंशांना घट्ट जेलमधून प्रवाही होतो, डीएसपीसीचा (स्टिअरिक शेपट्या) ५५ च्या आसपास, डीओपीसीचा (ओलिइक शेपट्या) उणे १७ ला. त्या तापमानाच्या खाली हायड्रेट केलंत तर थर वळणार नाही, गुठळ्या राहतील. तुमच्या फॉर्म्युलेशनमध्ये कोणता लिपिड आहे ते बघा, ६५ चा आकडा तिथूनच आला असणार.

घरी बीट असेल तर चकत्या धुऊन एका वाटीत साध्या पाण्यात आणि दुसऱ्या वाटीत ७० अंशांच्या पाण्यात टाका. साधं पाणी जेमतेम गुलाबी होईल, गरम पाणी गडद लाल. रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पटलाच्या पिशवीत, कोंडलेला असतो. पटल मोडल्याशिवाय तो बाहेर येत नाही. माझ्या वर्गात प्रकरणाची सुरुवात नेहमी याच प्रयोगाने व्हायची.

खारघर_पेशी

मास्तरांशी बहुतेक सहमत, पण पुस्तकाबाबत माझं मत वेगळं आहे. बायोलॉजी सुटलेली असेल तर आधी अल्बर्ट्सचं मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल, प्रकरण दहा. लेहनिंजर रसायनाकडून येतं, आणि रसायन तुम्हाला येतंच. अडेल ते पेशीत काय चाललंय तिथे. अल्बर्ट्सची चौथी आवृत्ती एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या बुकशेल्फ संकेतस्थळावर फुकट आहे. सलग पानं उलटता येत नाहीत, शब्द टाकून शोधावं लागतं, पण लोकलमध्ये मोबाइलवर तेवढं पुरतं.

लायपोसोम आणि खरं पटल यांतला फरकही लवकर समजून घ्या. पेशीत आतला आणि बाहेरचा थर सारखा नसतो. फॉस्फॅटिडिलसेरीन हे फॉस्फोलिपिड आतल्या बाजूला ठेवलेलं असतं, त्यासाठी पेशी एटीपी (ऊर्जेचं चलन) खर्च करते. पेशी मरायला लागली की ते बाहेर दिसू लागतं, आणि ‘मला गिळा’ हा निरोप मॅक्रोफेजला (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशीला) मिळतो. आम्ही अ‍ॅनेक्सिन व्ही हे त्याला चिकटणारं प्रथिन लावून रोज हेच बघतो. डॉट प्लॉटवर (प्रत्येक पेशीचा एक ठिपका असलेल्या आलेखावर) पेशींचा कळप उजवीकडे सरकलेला दिसला की कळतं, औषध लागू पडलं.

फ्राय आणि एडिडिन यांचा १९७० चा प्रयोगही चुकवू नका. माणसाची आणि उंदराची पेशी जोडली, दोघींच्या प्रथिनांना वेगवेगळे रंग दिले; ३७ अंशांना ४० मिनिटांत रंग पूर्ण मिसळले. सिंगर-निकोल्सनचं १९७२ चं फ्लुइड मोझेक मॉडेल (प्रवाही थरात प्रथिनं तरंगतात हे चित्र) त्यानंतर वाचलंत की सहज पटतं.

व्हिडिओ हवे असतील तर आयबायोलॉजी या संकेतस्थळावर बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचे सत्यजित मेयर यांची व्याख्यानं आहेत. त्यांचं एमएस्सीसुद्धा केमिस्ट्रीतलंच, आयआयटी मुंबईतलं.

तलावपाळी

क्लासबद्दल: या पट्ट्यात मिळतील ते नेट-गेट परीक्षांचे. तिथे प्रश्न सोडवायला शिकवतात, तुम्हाला हवं ते मिळणार नाही. ते पैसे पुस्तकांवर घाला. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुनी पुस्तकं बघा. या दोन प्रकरणांसाठी जुनी आवृत्ती चालते.

घणसोली_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, आमच्याकडे हायड्रोजनेटेड सोयाचं पीसी (फॉस्फॅटिडिलकोलीन हे फॉस्फोलिपिड) आहे, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, संपृक्त शेपट्या. ६५ चा उलगडा झाला! पण मग कोलेस्टेरॉल कशाला?

नौपाड्याचे_मास्तर

त्याची कडी (कार्बनची वलयं) ताठ आणि सपाट असतात, ती शेपट्यांच्या मध्ये जाऊन बसतात. थंड असताना शेपट्यांना दाटीने बसू देत नाहीत, गरम झाल्यावर फार हलू देत नाहीत. त्यामुळे रक्तात औषधाची गळती कमी होते. १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या डॉक्सिल या लायपोसोमच्या औषधातही हायड्रोजनेटेड सोया पीसी आणि कोलेस्टेरॉल हीच जोडी आहे.

लॅबमध्ये डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारं यंत्र) असेल तर शुद्ध डीपीपीसीचा नमुना चालवा. ४१ ला टोकदार पीक येईल, त्याआधी ३५ च्या आसपास एक लहानसं. मग कोलेस्टेरॉल वाढवत न्या. लहान पीक आधी जाईल, मोठं पसरट होत होत निम्म्या प्रमाणाला दिसेनासं होईल. हे आलेख स्वतः काढा, मग पुन्हा अकरावं प्रकरण उघडा.

घणसोली_लोकल

डीएससी आहे. सोमवारी साहेबांना विचारते. तोवर आज संध्याकाळी बीट, आणि अल्बर्ट्सचं दहावं प्रकरण. आलेख आले की इथेच टाकते.