शब्दचर्चा : ‘रिअ‍ॅलिटी शो’मधली रिअ‍ॅलिटी नेमकी कुठली?

कोराकागद :
नमस्कार मंडळी. रिअ‍ॅलिटी शो लोक एवढ्या आवडीने का बघतात आणि काहींना त्यांचं नावही का नको असतं, यावर एका मासिकासाठी लेख लिहायला घेतलाय. पहिल्याच वाक्याला अडले. ‘रिअ‍ॅलिटी शो’ तसंच ठेवावं की मराठी शब्द वापरावा? ‘वास्तव कार्यक्रम’ म्हटलं की सरकारी माहितीपट सुरू होणार असं वाटतं. शिवाय ज्याला निम्मे लोक ‘सगळं खोटं असतं हो’ म्हणतात, त्याला वास्तव म्हणायचं कुठल्या तोंडाने? ‘स्क्रिप्टेड’, ‘एलिमिनेशन’, ‘कन्फेशन रूम’ यांचं काय करू तेही सांगा.

तिरकस :
‘रिअ‍ॅलिटी शो’च लिहा. वाचणाऱ्याला एका क्षणात कळतं, मग उगाच व्यायाम कशाला? ‘वास्तवदर्शी’च्या वाटेला तर जाऊच नका. तो शब्द कथा-कादंबरीवाल्यांनी कधीच घेतलाय आणि तिथे मामला उलटा आहे : माणसं कल्पित, पण जगणं खरं वाटेल असं लिहिलेलं. इथे माणसं खरी आणि जगणं... असो.
‘एलिमिनेशन’ला ‘बाद होणे’ आहे की. ‘गच्छंती’ही चालेल, पण त्यात हकालपट्टी झाल्याचा खवचट आनंद आहे. तुमचा लेख कुठल्या बाजूचा, त्यावर ठरवा.

जुनीटाचणी :
कोराकागदताई, तुमच्या प्रश्नातच लेखाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा प्रकार त्याच्या नावापेक्षा कितीतरी जुना आहे. अमेरिकेत ॲलन फंट यांनी १९४८ साली ‘कॅन्डिड कॅमेरा’ टीव्हीवर आणला. त्याआधी वर्षभर तोच खेळ रेडिओवर चालला होता. लपवलेला कॅमेरा, काहीतरी विचित्र प्रसंग, आणि बेसावध माणसाची उडालेली भंबेरी. १९७३ मध्ये ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ आली. कॅलिफोर्नियातल्या लाउड कुटुंबाच्या घरात कॅमेरे महिनोन् महिने वावरले आणि आईबापांचा संसार मोडताना देशाने पाहिला. १९९२ मध्ये ‘द रिअल वर्ल्ड’ने अनोळखी तरुण एका घरात ठेवले. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ‘एक्स्पिडिशन रॉबिन्सन’ने माणसं बेटावर नेली आणि एकमेकांना मत देऊन बाहेर काढायला लावली. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’, म्हणजे आपल्या ‘बिग बॉस’चा मूळ अवतार. २००० साली बेटाचाच अमेरिकी अवतार ‘सर्व्हायव्हर’ आला आणि पहिल्या हंगामाचा शेवटचा भाग पाच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. ‘रिअ‍ॅलिटी’ हे नाव घरोघरी झालं ते या सुमाराला.

आता यातलं समान सूत्र बघा. संवाद कुणी लिहिलेले नाहीत, पण प्रसंग मात्र कुणीतरी मांडलेला आहे. १९७३चं उदाहरण थोडं वेगळं, तिथे घर त्यांचं स्वतःचं होतं. तरी कॅमेरा घरात आणून ठेवणं हीही मांडणीच.

याचं वर्णन करायला मराठीला परका शब्द शोधावा लागत नाही, आपलं प्रयोजक क्रियापद पुरतं. घडणं आणि घडवणं. रडणं आणि रडवणं. चिडणं आणि चिडवणं. बोलणं आणि बोलतं करणं. रिअ‍ॅलिटी शो म्हणजे आयुष्याचं प्रयोजक रूप. तिथे भांडण ‘होत’ नाही, ‘घडवून आणलं’ जातं. पण घडवून आणलेल्या भांडणात माणूस रडला, तर ते रडणं खरंच असतं. दहा माणसं, एकच पलंग कमी, फोन नाही, घड्याळ नाही, झोप अपुरी. एवढं केल्यावर संवाद लिहायची गरजच कुणाला?

म्हणून ‘हे खरं की खोटं’ हा वाद कधी मिटत नाही. आवडणारा म्हणतो, ‘बघ, तो रडला.’ नावडणारा म्हणतो, ‘त्याला रडवलं.’ दोघंही एकाच दृश्याबद्दल बोलत असतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

तिरकस :
काका, आयुष्याचं प्रयोजक रूप! हे आधी सांगितलं असतंत तर मी व्याकरणात पास झालो असतो.

पडद्यापल्याड :
मी हे कार्यक्रम मनापासून बघते, त्यामुळे एका शब्दाला हरकत नोंदवते. आमच्यासाठी लोक हमखास ‘बघे’ हा शब्द वापरतात. बघ्या म्हणजे अपघाताभोवती गोल करून उभा राहणारा, मदतीला हात न लावणारा. दुसरी शिवी ‘चोंबडेपणा’. दोन्ही शब्दांत धरून चाललंय की आम्ही नुसते डोळे लावून बसतो.

तसं नसतं. बघताना डोकं सतत चालू असतं. हा आत्ता गोड बोलला ते मनापासून, की उद्या मत हवंय म्हणून? त्या दोघींची गट्टी किती दिवस टिकेल? कोण कुणाचे कान भरतंय? हाच उद्योग आपण नातेवाइकांत आणि कचेरीत रोज करतो, पण तिथे अंदाज चुकला तर किंमत मोजावी लागते. इथे चुकला तर पुढच्या भागात नवा बांधायचा. आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायला चार माणसं तयार असतात. एकट्याने बघितलेला भाग निम्माच बघितल्यासारखा वाटतो.

‘तुम्हाला ते सगळं खरं वाटतं का?’ हा प्रश्नही ऐकून ऐकून कान किटले. नाही वाटत. ॲनेट हिल या माध्यमअभ्यासक बाईंनी ब्रिटनमधल्या प्रेक्षकांवर बरंच काम केलंय. त्यांना दिसलं ते हेच की प्रेक्षक स्पर्धकांनी कॅमेऱ्यासाठी वागणं गृहीतच धरतात आणि तरी वाट बघत बसतात, कधी यांचा तोल सुटतो आणि आतला माणूस दिसतो त्याची. म्हणजे खोटेपणा माहीत असणं ही गंमत संपवणारी गोष्ट नाहीच, तीच गंमतीची अट आहे. सगळं खरंच असतं तर शोधायचं काय?

अमेरिकेतल्या रीस आणि विल्ट्झ या दोघांचा २००४चा अभ्यासही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी माझ्या अंगावर फेकेलच. त्यात असे कार्यक्रम आवडणाऱ्यांत प्रतिष्ठेची, आपण महत्त्वाचे असल्याची ओढ इतरांपेक्षा जास्त निघाली होती. आपल्यासारखा साधा माणूस रातोरात प्रसिद्ध होतो हे बघायला बरं वाटतं, इतपत मला मान्य आहे. त्यापलीकडे प्रत्येक प्रेक्षकाला त्या मापाने मोजू नये.

कात्री :
काही वर्षं अशा कार्यक्रमांच्या संकलनात काढली आहेत, म्हणून ‘स्क्रिप्टेड’बद्दल लिहितो. हा शब्द फार सैलपणे फेकला जातो. संवाद पाठ करून घेतात असं लोकांना वाटतं. क्वचित एखादं वाक्य पुन्हा बोलायला लावतात, दारातून पुन्हा आत यायला लावतात, हे होतं. पण खरी लिखापढी दोन ठिकाणी असते. एक चित्रणाच्या आधी : कोणाला निवडायचं, कोणाची खोली कोणाशेजारी, आज काय काम द्यायचं. निवड करणाऱ्याला शांत, समजूतदार दहा माणसं नकोच असतात. दुसरी लिखापढी चित्रणानंतर, आमच्या टेबलावर. त्या कामाला इंडस्ट्रीत ‘स्टोरी प्रोड्यूसर’ असा स्वतंत्र माणूस असतो. लेखकच तो, फक्त कोऱ्या कागदाऐवजी फुटेजवर लिहितो. (कोराकागदताई, तुम्हाला उद्देशून नाही!)

टाचणीकाकांनी सांगितलेल्या लाउड कुटुंबाचं चित्रण सुमारे ३०० तासांचं होतं आणि भाग निघाले बारा. आता उरलेले तास कुठे गेले? त्यात कंटाळा होता, जांभया होत्या, कदाचित नवरा-बायकोचं हसणंही होतं. त्या कुटुंबाची नंतरची तक्रार तीच होती : दाखवलं ते आम्हीच, पण आम्ही तेवढेच नव्हतो.

या धंद्यातला एक शब्द तुमच्या लेखात यायलाच हवा : ‘फ्रँकनबाइट’. मुलाखतीत बोललेल्या तुकड्याला ‘बाइट’ म्हणतात. वेगवेगळ्या वेळी बोललेल्या दोन-तीन बाइटमधले शब्द उचलून एक नवं वाक्य शिवायचं, म्हणजे फ्रँकनबाइट. ‘मला ती आवडते, पण कधी कधी तिचा राग येतो’ यातून ‘मला तिचा राग येतो’ काढायला दोन कट लागतात. ओळखायचं कसं? वाक्य सुरू असताना मध्येच बोलणाऱ्याचा चेहरा जातो आणि दुसऱ्याच कुणाचा चेहरा किंवा घराची भिंत दिसते, आवाज मात्र चालू राहतो. प्रत्येक वेळी काळंबेरं असतंच असं नाही, साधी लांबी कमी करायलाही हे करतात. पण शिवण तिथेच असते.

अजून एक शब्द : ‘बायबल’. कार्यक्रमाचा साचा दुसऱ्या देशाला विकताना सोबत जी जाड वही देतात तिला बायबल म्हणतात. घर कसं असावं, कॅमेरे कुठे, बाद होण्याची रात्र कशी चढवायची, सगळं त्यात. विकलं जातं ते हेच. माणसं जिथली तिथे मिळतात आणि नटांपेक्षा स्वस्तात. अमेरिकेत २००७च्या नोव्हेंबरात लेखकांचा संप झाला, तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालला. तेव्हा वाहिन्यांनी मोकळ्या जागा भरायला याच कार्यक्रमांकडे धाव घेतली.

नावडणाऱ्यांमधला एक मोठा गट हा आहे बरं का. ते नीतिमत्तेच्या गप्पा मारत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की लिहिणाऱ्याने लिहिलं आणि त्याला लेखक म्हटलं नाही, नाटक केलं आणि त्याला नाटक म्हटलं नाही.

पडद्यापल्याड :
कात्रीदादा, आता मी भाग बघताना फक्त भिंती बघणार.

उंबरठा :
मी नावडणाऱ्यांच्या बाजूची, पण माझं कारण कात्रींपेक्षा वेगळं आहे. मला ते खोटं वाटतं म्हणून नाही, फार खरं असतं म्हणून बघवत नाही.

मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे : चव्हाट्यावर आणणे. चार वाटा मिळतात तो चव्हाटा. घरातली गोष्ट तिथे नेली की ती कुणाचीच राहत नाही. पूर्वापार हा प्रयोग निंदेचा आहे आणि त्यात आणणारा एक, जिची गोष्ट ती दुसरी. आता लोक सांगतात, ‘अहो, ते स्वतःहून सही करून गेलेत.’ गेलेत खरे. पण संमती कशाला दिली होती? एका घरात राहायला. रात्री तीनला, झोप न झालेल्या अवस्थेत बोललेलं वाक्य पुढची वीस वर्षं कुणीही काढून दाखवावं, याला संमती कोण आणि कशी देणार?

गाण्याच्या स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्या आठवा. बेसूर गाणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर येण्याआधीच चाळून बाहेर ठेवता आलं असतं. ठेवत नाहीत, कारण त्याची फजिती विकाऊ असते. ‘फजिती’ हा शब्द आपण हसत वापरतो, पण ती झालेल्या माणसाच्या बाजूने वापरून बघा, लगेच ‘मानहानी’ होते.

ब्रिटनमध्ये २००७ साली ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीला वांशिक हेटाळणी सोसावी लागली, तेव्हा तिथल्या प्रसारण नियामकाकडे, म्हणजे ऑफकॉमकडे, ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. शेवटी जिंकली तीच. तिचं भलं झालं म्हणून तो प्रकार विसरता येत नाही. त्याच देशाच्या संसदीय समितीने २०१९ मध्ये या कार्यक्रमांची चौकशी हाती घेतली आणि २०२१पासून सहभागी माणसांची नीट काळजी घेण्याचे नियम लागू झाले. जी गोष्ट निव्वळ खोटी, लुटुपुटूची असते, तिच्यासाठी असे नियम करावे लागत नाहीत.

पडद्यापल्याड :
उंबरठाताई, फजितीवाल्या फेऱ्या मीही पुढे ढकलते. पण ‘बघवत नाही’ आणि ‘बघू नये’ यांत अंतर आहे. घरात कोंडलेल्या माणसांमध्ये अनोळख्यांची घट्ट मैत्री झालेलीही मी पाहिलीय. तीही घडवून आणलेलीच ना? मग तिला कुणी खोटी म्हणत नाही. प्रयोजक क्रियापद वाईटाला तेवढं लावायचं आणि चांगल्याच्या वेळी विसरायचं, हे काही बरोबर नाही.

उंबरठा :
मुद्दा मान्य. ‘रडवणं’च्या शेजारी ‘हसवणं’ही बसतं. फक्त बायबलात कुठल्यासाठी जास्त पानं असतात, ते कात्रींना विचारा.

कात्री :
हसवणाऱ्या भागाला बारा मिनिटं मिळतात. पुढच्या भागाच्या झलकीत मात्र भांडणच जातं. यापेक्षा जास्त सांगत नाही.

जुनीटाचणी :
‘कन्फेशन रूम’, म्हणजे स्पर्धक एकटाच कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो ती खोली, राहिलीच. ब्रिटनमधल्या ‘बिग ब्रदर’मध्ये तिला ‘डायरी रूम’ म्हणतात : रोजनिशीची खोली. आपल्याकडच्या ‘बिग बॉस’मध्ये ती कन्फेशनची झाली. रोजनिशीत माणूस स्वतःशी बोलतो, कबुलीजबाब दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागतो. तसंच ‘ब्रदर’चं. इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९च्या कादंबरीत सगळ्यांवर पाळत ठेवणारा तो ‘बिग ब्रदर’. आपल्याकडे भाऊ जाऊन साहेब आला. पाळत राहिली, त्यामागची भीतीची सावली गेली, आणि आता स्पर्धक त्याच्याकडे लाडाने तक्रारी करतात. लेखात एवढं आलं तरी पुष्कळ. खोलीला मराठी शब्द नका शोधू, ‘कबुलीजबाबाची खोली’ म्हटलं की पोलीस चौकी उभी राहते.

तिरकस :
‘फ्रँकनबाइट’ला मात्र मराठी शब्द हवा. माझा प्रस्ताव : ठिगळवाक्य.

कात्री :
ठिगळ दिसतं, याची शिवण दिसू नये म्हणून तर आम्हाला पगार मिळायचा. ‘सांधवाक्य’ कसं वाटतं?

कोराकागद :
मंडळी, मनापासून आभार. नावासाठी ‘रिअ‍ॅलिटी शो’च ठेवतेय, ‘वास्तव’ला त्यात गोवत नाही. ‘स्क्रिप्टेड’ टाळून ‘प्रसंग मांडलेला, संवाद न लिहिलेले’ असं लांबलचक लिहिते, कारण छोटा शब्द घेतला की कात्रीदादांनी सांगितलेलं सगळं त्याखाली दडपतं. टाचणीकाकांचं ‘रडला’ आणि ‘रडवलं’ लेखात घेऊ ना? ‘बघे’ काढून टाकलंय, ‘चव्हाटा’ मात्र ठेवलाय. दोघींनी समजून घ्या. आणि शिवण वाचणाऱ्याला दिसायलाच हवी आहे, म्हणून माझं मत ‘ठिगळवाक्या’ला.
शेवटची शंका : अनेकवचन ‘शोज’ लिहायचं की ‘शो’?

तिरकस :
‘शो’च. एक शो, दहा शो. ‘शोज’ लिहिलंत तर इथूनच बाद.