ट्रान्सप्लांटनंतर मुलाच्या जिभेवर पांढरे डाग, फ्लुकोनाझोल सुरू करू का?

सातारची_आई:
मुलगा ९ वर्षांचा, किडनी ट्रान्सप्लांट होऊन तीन महिने होत आलेत. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू. परवापासून जिभेवर, गालाच्या आतून दह्यासारखे पांढरे डाग, पुसलं की खालून लालभडक, तिखट सोडा साधं वरणपण नको म्हणतो. ताप नाहीये. इथल्या डॉक्टरांनी फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) लिहून दिलंय, पुण्याची ओपीडी सोमवारी आहे, तोवर सुरू करू का? त्यात समोरच्या वाड्याचं पाडकाम चाललंय, घरभर धूळ.

गावरान_उपाय:
हळद मधात कालवून लावा, दोन दिवसांत साफ.

वॉर्ड_सिस्टर:
दादा, ट्रान्सप्लांटच्या पोराला असलं काही सुचवू नका प्लीज. ताई, सोमवारची वाट न बघता आत्ताच कोऑर्डिनेटरला फोन लावा. वर्णनावरून कॅन्डिडा, म्हणजे तोंडातली बुरशी वाटतोय, या औषधांवर होतो. फ्लुकोनाझोल वाईट नाही, आमच्याकडेही देतात, पण त्याने शरीरात टॅक्रोचा (टॅक्रोलिमसचा) निचरा मंदावतो, लेव्हल चढते, मग हात थरथरतात, क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे किडनीवर ताण येतो. म्हणून टॅक्रोचा डोस कमी करायचा का ते टीम ठरवते आणि लेव्हल परत परत बघते. आणि कोर्स संपला की उलटं, लेव्हल घसरते, रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची भीती, हे बरेच जण विसरतात. नुसतं तोंडातच असेल तर निस्टॅटिनचे (हेही बुरशीवरचंच औषध) थेंब विचारा, ते रक्तात जवळपास जातच नाही. क्लोट्रिमाझोलचा माउथ पेंट पण विचारल्याशिवाय नको, गिळला जातो, त्यानेही टॅक्रो वाढू शकतं.

लेकीचा_बाबा:
सिस्टरना अनुमोदन. पाडकामाच्या धुळीत अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात, तो थेट फुप्फुसात जातो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या बंद, झाडू नको, ओलं पुसून घ्या. आमच्या लेकीला कबुतरांच्या विष्ठेपासूनही लांब ठेवायला सांगितलंय, त्यात क्रिप्टोकोकस ही बुरशी असते म्हणून. ताप किंवा खोकला आला तर क्रोसिन देऊन बघू असं करूच नका, सरळ फोन. आणि सेप्ट्रान चालू असेल ना? ती न्यूमोसिस्टिससाठी, तोही बुरशीच, आणि फ्लुकोनाझोल त्याच्यावर चालत नाही, म्हणून एक गोळी आली तर दुसरी बंद असं नाही.

सातारची_आई:
सेप्ट्रान चालूये. फोन झाला, फ्लुकोनाझोल थांबवायला सांगितलं, निस्टॅटिन दिलंय, उद्या सकाळचा टॅक्रोचा डोस द्यायच्या आधी रक्त घ्यायचंय. पण इथे दोन मेडिकलवाले निस्टॅटिन नाही म्हणाले, साताऱ्यात कुठे मिळेल कुणाला माहितीये का?